प्रीलोड वाढवून स्प्रिंग कडक होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत ऑफ-रोड मोटारसायकलींवर अलीकडे सातत्याने लेख येतात, याचे समाधान वाटते. त्यातल्या एका लेखातला सल्ला मात्र दुरुस्त व्हायला हवा. ‘चालक वजनदार असेल आणि गाडी मागून बसत असेल, तर मागच्या शॉकअपचा प्रीलोड वाढवावा, म्हणजे स्प्रिंग कडक होते,’ असे त्यात म्हटले होते. या वाक्याचा पहिला भाग अपुरा आहे आणि दुसरा चूक. हा समज गॅरेजांमध्ये आणि चालकांच्या गप्पांमध्ये वर्षानुवर्षे टिकून आहे. त्यापायी माणसे डॅम्पिंगचे, म्हणजे शॉकअपच्या हालचालीला लगाम घालणाऱ्या यंत्रणेचे, स्क्रू फिरवत बसतात, कोणी शॉकअप उघडून आतल्या चकत्या बदलून घेतो, कोणी नवा शॉकअपच विकत घेतो. दोष असतो तो फक्त स्प्रिंगच्या आकड्यात. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

स्प्रिंगचा कडकपणा म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला लागणारे बळ. ५० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग १० मिमी दाबायला ५०० न्यूटन लागतात, २० मिमी दाबायला १,०००. शॉकअप पूर्ण उघडा असताना, गाडीचा कसलाही भार नसताना, वरच्या आटेदार रिंगने स्प्रिंग मुळातच जेवढी दाबून धरलेली असते, तो प्रीलोड. रिंग आणखी १० मिमी खाली आणली की सुरुवातीचे बळ ५०० न्यूटनने वाढते आणि गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो. पण त्यानंतरचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला पूर्वीइतकेच ५० न्यूटन लागतात. प्रीलोड गाडीची उंची ठरवतो, कडकपणा ठरवत नाही. कडकपणा बदलायचा तर स्प्रिंगच बदलावी लागते.

तो कडकपणा ठरतो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या यांवरून. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते. पोलादी तार ११ मिमी जाड, वेटोळ्याचा मध्यव्यास ७० मिमी आणि काम करणारी वेटोळी ८ असतील, तर कडकपणा साधारण ५२ न्यूटन प्रति मिमी येतो. बाकी सगळे तसेच ठेवून तार १२ मिमीची केली की तो ७४ च्या आसपास जातो. एका मिलिमीटरने वजनाच्या कितीतरी पायऱ्या ओलांडल्या जातात. त्यामुळे स्प्रिंग नुसती पाहून किंवा हाताने दाबून ‘ही कडक दिसते’ म्हणणे निरर्थक आहे, आणि रंगावरून ठरवणे तर त्याहूनही. अनेक उत्पादक एकाच रंगात सगळे आकडे बनवतात.

आकडा वाचतानाही घोटाळा होतो. काही उत्पादक न्यूटन प्रति मिमी लिहितात, काही किलो प्रति मिमी, काही पाउंड प्रति इंच. किलोच्या आकड्याला ९.८१ ने गुणले की न्यूटन मिळतात. न्यूटनच्या आकड्याला ५.७१ ने गुणले की पाउंड प्रति इंच. म्हणजे ५.४, ५३ आणि ३०२ हे तिन्ही आकडे एकाच स्प्रिंगचे असू शकतात. स्प्रिंगवर पुष्कळदा कडकपणा आणि मोकळी लांबी असे दोन आकडे छापलेले असतात. चिखल आणि दगडांनी छपाई गेलेली असेल, तर अंदाज न बांधता स्प्रिंग प्रेसखाली वजनमापकावर ठेवून मोजून घ्यावी. पहिले काही मिलिमीटर सोडून द्यावेत, कारण टोकाची वेटोळी नीट बसेपर्यंतचे माप फसवे असते.

आता मुख्य मुद्दा. आपल्या वजनाला बसवलेली स्प्रिंग योग्य आहे की नाही, हे घरच्या घरी कळते. लागतात एक मोजपट्टी, एक स्टँड आणि दोन मदतनीस. माप मिलिमीटरमध्ये आणि तीन स्थितींत घ्यायचे.

मोजण्याआधी चेन योग्य ताणावर आणावी. चेन ताणताना चाक मागे सरकते, त्याबरोबर स्विंगआर्मची (मागचे चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याची) परिणामी लांबी बदलते आणि सॅग, म्हणजे भाराखाली गाडी किती बसते ते मापही, थोडा बदलतो; शिवाय फार ताणलेली चेन स्विंगआर्मला मोकळेपणी वर येऊ देत नाही. टाकीत नेहमी असते तेवढे पेट्रोल असावे. गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक पूर्ण लोंबकळू द्यावे. ॲक्सलच्या मध्यापासून वर, चाक ज्या कमानीत वर येते त्या दिशेने, गाडीच्या मागच्या भागावर एक पक्का बिंदू निवडून खूण करावी. मडगार्डचे लवचीक प्लास्टिक टाळून सबफ्रेमवरचा एखादा बोल्ट धरलेला बरा. हे पहिले माप. जमिनीपासून मोजू नये, त्यात टायरची दबणूक मिसळते.

मग गाडी जमिनीवर सरळ उभी धरून, कोणी न बसता, त्याच दोन बिंदूंमधले अंतर घ्यावे. पहिल्या मापातून हे वजा केले की गाडी स्वतःच्या वजनाने किती बसली ते कळते. याला स्टॅटिक सॅग म्हणतात. त्यानंतर चालकाने हेल्मेट, बूट, संरक्षक कवच, पाण्याची पिशवी, हत्यारे असा पूर्ण साज चढवून फूटपेगवर उभे राहावे. एकाने पुढून हँडल धरावे, दुसऱ्याने मोजावे. पहिल्या मापातून हे तिसरे वजा केले की रायडर सॅग मिळतो. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत चालकाला बसवून माप घ्यायला सांगितलेले असते. तेही चालेल, पण दर वेळी पद्धत एकच हवी. भिंतीला कोपर टेकवून एकट्याने मोजण्याचा मोह टाळावा. कोपरावर गेलेले वजन मापातून गळते आणि स्प्रिंग आहे त्याहून कडक भासते.

सील आणि बेअरिंगच्या घर्षणामुळे गाडी दर वेळी नेमक्या एकाच जागी थांबत नाही. म्हणून प्रत्येक माप दोनदा घ्यावे: एकदा मागचा भाग खाली दाबून हळूच सोडल्यावर, एकदा वर उचलून हळूच सोडल्यावर. दोन्हींची सरासरी धरावी. दोन मापांत मोठा फरक दिसला, तर स्प्रिंगचा विचार बाजूला ठेवून आधी लिंकेज (स्विंगआर्म आणि शॉकअप यांना जोडणारे सांधे) आणि स्विंगआर्म यांची बेअरिंग पाहावीत. नदीनाल्यांतून फिरणाऱ्या गाड्यांच्या लिंकेजमधले ग्रीस धुऊन जाते आणि सुई-बेअरिंग गंजून जाम होतात. अशा गाडीवर मोजलेला कोणताही सॅग विश्वासार्ह नसतो.

मागच्या चाकाची चाल, म्हणजे वर-खाली जाण्याची एकूण जागा, साधारण ३०० मिमी असलेल्या मोटोक्रॉस आणि एंड्युरो गाड्यांत रायडर सॅग १०० ते १०५ मिमी आणि स्टॅटिक सॅग ३० ते ४० मिमी हे प्रचलित लक्ष्य आहे. चाल कमी असेल तर चालीचा साधारण एक तृतीयांश रायडर सॅग आणि एक दशांशाच्या आसपास स्टॅटिक सॅग धरून सुरुवात करावी. कंपनीच्या पुस्तिकेत आकडे दिले असतील तर तेच प्रमाण.

क्रम असा. आधी प्रीलोडची रिंग फिरवून रायडर सॅग नेमका लक्ष्यावर आणायचा. बहुतेक शॉकअपमध्ये एका पूर्ण फेऱ्याला रिंग दीड मिलिमीटर सरकते आणि चाकाशी त्याचा परिणाम साधारण चार मिलिमीटर दिसतो. रायडर सॅग बसला की प्रीलोडला हात न लावता स्टॅटिक सॅग मोजायचा. स्प्रिंगचा निकाल हा दुसरा आकडा देतो, आणि तो बहुतेकांना उलटा वाटतो. स्टॅटिक सॅग फार कमी असेल, म्हणजे चालक उतरल्यावर गाडी पुरती वर येऊन ताठ उभी राहत असेल, तर स्प्रिंग नरम आहे. स्टॅटिक सॅग फार जास्त असेल, गाडी स्वतःच्याच वजनाने बरीच बसत असेल, तर स्प्रिंग कडक आहे.

मोकळी गाडी ताठ म्हणजे स्प्रिंग कडक, असाच कोणाचाही पहिला तर्क असतो. तो का चुकतो हे आकड्यांतून स्पष्ट होते. समजा, चाकाची चाल ३०० मिमी आणि शॉकअपची १२० मिमी आहे. म्हणजे दोघांचे प्रमाण अडीच. लिंकेजमुळे हे प्रमाण चालीत बदलत जाते, पण हिशेबापुरते स्थिर धरू. ५० ची स्प्रिंग चाकाशी ५० भागिले अडीचचा वर्ग, म्हणजे ८ न्यूटन प्रति मिमी इतकी भरते. गाडीच्या वजनातला स्प्रिंगवर येणारा मागचा वाटा ४० किलो, म्हणजे ३९२ न्यूटन धरू. चालक साजासह ८८ किलो आणि त्यातला ६५ टक्के भार मागे धरला, तर ५६१ न्यूटन होतात. त्याला ८ ने भागले की ७० मिमी. म्हणजे चालक चढल्यावर गाडी आणखी ७० मिमी बसणार, प्रीलोड कितीही असो, फक्त चालक उतरल्यावर गाडी पूर्ण उघडून तटलेली नसली पाहिजे. प्रीलोड पावणेआठ मिलिमीटरच्या आसपास ठेवला की रायडर सॅग १०० आणि स्टॅटिक सॅग ३० मिळतो. जोडी जमली.

त्याच गाडीवर साजासह १०८ किलोचा चालक चढला. मागचा भार ६८९ न्यूटन, म्हणजे जास्तीची बसणूक ८६ मिमी. रायडर सॅग १०० वर आणायला प्रीलोड १४ मिमीपर्यंत वाढवावा लागतो आणि स्टॅटिक सॅग उरतो अवघा १४ मिमी. रिंग आणखी खाली नेली आणि प्रीलोड २० मिमी झाला, तर प्रीलोडचेच बळ चाकाशी ४०० न्यूटन होते. गाडीचा मागचा भार ३९२ न्यूटन. म्हणजे मोकळी गाडी जराही बसत नाही, शॉकअप पूर्ण उघडून आतल्या थांब्यावर टेकतो. हातांना ती कडक लागते, पण हे काम प्रीलोडचे, स्प्रिंग तीच नरम ५० ची आहे. या चालकाला साधारण ५७.५ ची स्प्रिंग हवी. तिच्यावर रायडर सॅग १०५ ला आणि स्टॅटिक सॅग ३० ला बसतो, तोही ५ मिमी प्रीलोडवर.

उलट बाजूला साजासह ७३ किलोचा चालक घेतला, तर ५० च्या स्प्रिंगवर फरक ५८ मिमी पडतो. रायडर सॅग १०० मिळवायला प्रीलोड तीन मिलिमीटरहूनही कमी करावा लागतो आणि स्टॅटिक सॅग ४२ येतो. स्प्रिंग जराशी कडक आहे. ४८ ची बसवली की स्टॅटिक सॅग ४० च्या आत येतो आणि प्रीलोडही साडेचारच्या पुढे जातो. प्रीलोड अगदी शून्याजवळ नेऊ नये. शॉकअप पूर्ण उघडल्यावर स्प्रिंग तिच्या बैठकीत सैल पडली, तर ती सरकते, वाजते आणि बैठक खाते.

हा हिशेब दिशा दाखवायला पुरेसा आहे; नेमके आकडे आपल्या गाडीच्या प्रमाणावर अवलंबून राहतील. यातून दोन गोष्टी पडताळता येतात. एक, दहा किलो वजनामागे साधारण अडीच ते साडेतीन न्यूटनची पायरी लागते, म्हणून स्प्रिंगा दोन-तीन न्यूटनच्या टप्प्यांनी मिळतात. दोन, वाढत्या वयाच्या मुलांच्या गाड्यांवर हा तपास दर हंगामात व्हायला हवा. पन्नास किलोच्या मुलाचे वजन पाच किलोने वाढले तर त्याच्यापुरता तो दहा टक्के फरक असतो, आणि पालक तो ‘मुलगा नीट चालवत नाही’ म्हणून मोजतात. हे पाहून वाईट वाटते.

चुकीची स्प्रिंग गाडी चालवताना कशी ओळखावी? नरम स्प्रिंगवर मागचा भाग बसलेला राहतो, पुढचे चाक हलके होते, वळणात गाडी बाहेर पळते आणि चढावर पुढून उचलते. चालीचा पहिला मऊ भाग आधीच संपलेला असल्याने गाडी लिंकेजच्या ताठ भागात चालते, म्हणून ती आदळतेही आणि बारीक खडीवर कडकही लागते. ‘गाडी फार कडक वाटते, नरम स्प्रिंग हवी’ म्हणणाऱ्यांतल्या अनेकांना प्रत्यक्षात कडक स्प्रिंग हवी असते, ते याचमुळे. नरम स्प्रिंगवर प्रीलोड ठासून भरलेला असेल तर वेगळेच लक्षण दिसते: ब्रेक लावताना किंवा चाक खड्ड्यात सुटताना शॉकअप पूर्ण उघडून ‘टक’ असा आवाज येतो आणि मागचे चाक जमीन सोडून उड्या मारते. कारण चाकाला खाली जायला चालच उरलेली नसते. स्टॅटिक सॅग हवा तो यासाठीच, चाक खड्ड्याच्या तळापर्यंत पोचावे म्हणून.

कडक स्प्रिंगवर मागचा भाग उंच राहतो, पुढच्या चाकावर भार येतो, हँडल चंचल होते आणि वेगात झटके देते. मागचे टायर पकड सोडून फिरते, ब्रेकखालच्या खळग्यांवर मागून लाथ बसते आणि कठीण उडीनंतरही चालीचा शेवटचा भाग कधी वापरलाच जात नाही. शॉकअपच्या दांड्यावरचा बम्प रबर कुठपर्यंत दाबला गेला, हे पाहून ते कळते. दिवसभरात सगळ्यात मोठ्या एखाद-दोन आदळांवर शॉकअप तळाला लागणे हे ठीक सेटिंगचे लक्षण आहे. कधीच न लागणे हे नाही.

इथे एक सावधगिरी. लागोपाठच्या उंचवट्यांवर गाडी हळूहळू बसत जाते आणि ती नरम वाटते. बऱ्याचदा त्यात स्प्रिंगचा दोष नसतो; रिबाउंड, म्हणजे दबलेल्या शॉकअपचे परत उघडणे, इतके मंद असते की पुढचा उंचवटा येण्याआधी शॉकअप पुरता उघडतच नाही. स्प्रिंगचे बळ ती किती दाबली यावर ठरते, डॅम्पिंगचे बळ दांडा किती वेगाने हलतो यावर. सॅग मोजताना गाडी स्थिर असते, म्हणून त्या मापात डॅम्पिंगचा हात नसतो. आधी सॅग आणि स्प्रिंग, मग क्लिकर (डॅम्पिंगचे स्क्रू), हा क्रम पाळला की अर्धा गोंधळ संपतो. त्याचप्रमाणे शॉकअपमधून तेल गळत असेल किंवा नायट्रोजनचा दाब गेला असेल, तर नवी स्प्रिंग काहीही सुधारणार नाही.

स्प्रिंग मागवताना कडकपणाबरोबर आतला व्यास, मोकळी लांबी आणि टोकांची घडण जुळली पाहिजे. कडक स्प्रिंगची तार जाड असते, म्हणून ती पूर्ण मिटल्यावर जास्त जागा व्यापते. वरच्याच उदाहरणात टोकांची दोन धरून १० वेटोळी आणि मोकळी लांबी २५० मिमी घेतली, तर ११ मिमी तारेची स्प्रिंग ११० मिमीला पूर्ण मिटते आणि दबायला १४० मिमी उरतात. १२ मिमी तारेची १२० ला मिटते, उरतात १३०. शॉकअपची चाल १२० आणि प्रीलोड ८ धरला तर १२८ खर्च झाले. शिल्लक अवघे दोन मिलिमीटर. याहून जास्त प्रीलोड दिला की चाल संपण्याआधी वेटोळी एकमेकांवर आपटतात आणि सगळा आघात शॉकअपच्या बैठकीवर आणि फ्रेमवर जातो. चांगले उत्पादक वेटोळी आणि व्यास बदलून ही जागा राखतात. दुसऱ्या गाडीची स्प्रिंग ‘बसते’ म्हणून बसवली की ती हमी राहत नाही.

दुसऱ्या गाडीच्या आकड्याची नक्कल करणेही तितकेच घातक. केटीएमच्या पीडीएस पद्धतीत लिंकेज नसते, शॉकअप थेट स्विंगआर्मला जोडलेला असतो आणि चाक व शॉकअप यांच्या चालीचे प्रमाण जास्त असते. म्हणून त्यांच्या स्प्रिंगचा आकडा लिंकेजवाल्या गाडीपेक्षा बराच मोठा असतो. चालक एकच, वजन तेच, तरी एकीवर ४५ आणि दुसरीवर ७० च्या आसपासची स्प्रिंग बरोबर असू शकते. मित्राचे वजन आपल्याइतकेच आहे म्हणून त्याचा आकडा घेणे गाडीही तीच असली तरच उपयोगाचे.

वेटोळी कापून स्प्रिंग कडक करण्याचा उद्योग अजून चालतो. कापल्याने ती कडक होते हे खरे. आठातली एक कमी केली की ५२ ची साठच्या जवळ जाते. पण मोकळी लांबी घटते आणि कापलेले टोक घासून सपाट केलेले नसते. स्प्रिंग तिरकी बसते, दांड्यावर आडवा जोर येतो, आधी ऑइल सील जाते आणि मग बुश. गरम करून स्प्रिंग ‘बसवणे’ त्याहून वाईट, त्यात पोलादाचे पाणीच उतरते. वेटोळ्यांत रबराचे तुकडे घालणे हाही याच जातीचा उपाय.

बदलण्याच्या कामाबद्दल थोडक्यात. गाडी इंजिनखाली पक्की उचलून मागचे चाक भारमुक्त करावे. आटे चिखलाने भरलेले असतात. ते ब्रशने आणि पाण्याने स्वच्छ करून तेल लावल्याशिवाय रिंग फिरवू नये, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे सोलले जातात. रिंगसाठी हुक पाना वापरावा. छिन्नी-हातोड्याने खाचा तुटतात. काढण्याआधी बसवलेल्या स्प्रिंगची लांबी लिहून ठेवावी. शॉकअप बाहेर काढल्यावर लॉक रिंग आणि प्रीलोड रिंग पूर्ण मोकळ्या केल्या की बहुतेक मोटोक्रॉस शॉकअपमध्ये खालची चकती किंवा क्लिप हाताने निघते. ताण उरत असेल तर स्प्रिंग दाबण्याचे साधन हवेच. नायट्रोजनच्या टाकीला आणि तिच्या व्हॉल्व्हला हात लावू नये. तिच्यात साधारण १० बार दाब असतो आणि या कामासाठी ती उघडावी लागत नाही. शॉकअप बाहेर आलाच आहे, तर लिंकेजची बेअरिंग धुऊन ग्रीस भरावे. बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळावेत.

नव्या स्प्रिंगवर रायडर सॅग पुन्हा लक्ष्यावर आणून स्टॅटिक सॅग तपासावा. स्प्रिंग कडक केली असेल तर ती परत जोराने उघडते, म्हणून रिबाउंडचे डॅम्पिंग एक-दोन क्लिक वाढवून सुरुवात करावी. नरम केली असेल तर उलटे. कम्प्रेशनच्या, म्हणजे शॉकअप दबतानाच्या, डॅम्पिंगला लगेच हात लावायची गरज नसते. नवी स्प्रिंग पहिल्या काही तासांत थोडी बसते, तेव्हा पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर सॅग पुन्हा मोजावा. आणि पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे सस्पेन्शन, विसरू नये. चालक वजनदार म्हणून मागची स्प्रिंग कडक केली आणि फोर्कची तशीच ठेवली, तर गाडी पुढे झुकते आणि उतारावर घाबरवते. आधी मागचे, मग पुढचे, पण दोन्ही.

सामान लादून लांब जाणाऱ्यांसाठी वेगळा हिशेब आहे. मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे बांधलेले २० किलो सामान मागच्या चाकावर वीस किलोहून जास्त भार टाकते, कारण ते पुढचे चाक उचलायला पाहते. तेवढ्यापुरता प्रीलोड वाढवून उंची सावरणे योग्यच आहे. हाताने फिरवायचा ॲडजस्टर असतो तो यासाठीच. पण गाडी बहुतेक वेळा सामानासहच चालणार असेल, तर स्प्रिंगही त्या वजनाची निवडावी आणि सॅग सामान बांधूनच मोजावा.

शेवटी एक विनंती. आपल्या पुरवणीत मोटारसायकलींची परीक्षणे येतात. ‘मागचे सस्पेन्शन नरम वाटले’, ‘कडक वाटले’ असे शेरे चालकाच्या वजनाशिवाय वाचकाच्या काहीच कामाचे नसतात. ६० किलोच्या परीक्षकाला जी गाडी कडक, तीच ९५ किलोच्या वाचकाला नरम. परीक्षणाच्या चौकटीत इंजिनची क्षमता आणि टाकीची मापे असतात, त्यांच्या शेजारी चार आकडे आणखी छापावेत: परीक्षकाचे साजासह वजन, मूळ स्प्रिंगचा कडकपणा, रायडर सॅग आणि स्टॅटिक सॅग. मोजायला जेमतेम पाव तास लागतो, आणि वाचकाला गाडी घेण्याआधीच कळते की तिच्याबरोबर स्प्रिंगचाही खर्च धरायचा की नाही.

आपला,
एक नियमित वाचक